कोपऱ्यातला सबवूफर

पणजोबांचा खोकला, आजोबांची काठी आणि वडिलांचे शिलाई यंत्र: वरच्या मजल्यावरच्या तीन पिढ्या काकूंच्या डोक्यावर नांदल्या आणि तिन्ही त्यांना वचकून राहिल्या. चौथ्या पिढीतल्या मुलाने मात्र आज होम थिएटर बसवायला घेतले. पहिल्याच दणक्याला काकूंच्या फडताळातल्या वाट्या थरथरल्या. गुडघे धरत त्या जिना चढल्या.

भिंतींवर स्पीकर लागले होते. कोपऱ्यात जमिनीवर सबवूफरचा काळा डबा होता. तो कोपऱ्यात ठेवला की खर्ज भरून येतो, असे कारागीर कौतुकाने सांगत होता.

"तुझं घर भर हवं तेवढं, माझं नको," काकू वरच्या मुलाला म्हणाल्या.

त्याने कान पकडले. एवढे गाणे संपले की डबा हलवतो, म्हणाला. काकू जिंकून खाली आल्या.

खाली पलंगावर काका होते. कान कधीचेच गेले होते. आता पक्षाघाताने अंगही लुळे पडले होते. हाक पोचत नव्हती, हात धरलेला कळतो की नाही, तेही समजत नव्हते. दार लोटून काकू जागीच थबकल्या. भिंतीला टेकलेला लोखंडी पलंग बारीक घुमत होता, आणि काकांची बोटे चादरीवर ठेका धरत होती.

तेवढ्यात वर डबा सरकला. पलंग मुका झाला. बोटे निपचित पडली.

काकूंनी आजवर हुकूम सोडले होते, मागितले कोणाकडे काही नव्हते. त्या पुन्हा जिना चढल्या. त्यांना परत आलेले पाहून, आता डबा गच्चीवर न्यावा लागणार, असे कारागीर पुटपुटला.

"होता तिथेच ठेव," काकू म्हणाल्या.

"काकू, आवाज खाली येईल."

"येऊ दे, बाळा. ह्यांचा हात हलला."

मुलाने स्वतः वाकून डबा कोपऱ्यात लोटला.

काकू उशाशी येऊन बसल्या. पलंग घुमू लागला, बोटे उठली. एके काळी बँडमधला मोठा ढोल काकांचा असे; घरीही त्यांचा सराव चाले. वरच्या आजारी तान्ह्याचा डोळा लागत नाही म्हणून त्याची आई रडत दारात आली, त्या दिवशी त्यांनी ढोल उचलून बाहेर नेला, तो पुन्हा घरात आणला नाही. आज डबा लोटणाऱ्या त्या तान्ह्याला हे कोणी कधी सांगितले नव्हते. काकूही सांगणार नव्हत्या. त्या नुसती बोटे पाहत राहिल्या. त्या झोपेची पुरेपूर परतफेड वरून होत होती.