सिलतऱ्याकडचं आभाळ

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हरिदासने बिरगावातल्या आपल्या गच्चीवरून सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या दिशेचा फोटो मोबाइलवर काढला आणि फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खालून पेटलेलं नारिंगी आभाळ, मध्ये काळ्या धुराचा उभा लोट. कारखान्यांकडचं आभाळ तसं रोजच लाल व्हायचं. आज जरा जास्त, एवढंच त्याला वाटलं.

ग्रुपचा एक रिवाज होता. कोणाचाही फोटो कौतुकाशिवाय जाऊ द्यायचा नाही. चूक सांगायची ती नंतर. हा रिवाज हरिदासनेच पाडला होता. नवशिक्याच्या हललेल्या फोटोतही तो काहीतरी चांगलं शोधून काढी. त्याच्या स्वतःच्या फोटोंवर मात्र दोनचार अंगठ्यांपलीकडे काही येत नसे. आज फोन वाजायचा थांबेना.

"हरिदासभाऊ, क्या कलर पकड़ा है! अब कैमरेवालों की छुट्टी," निरंजनने लिहिलं.

समता कॉलनीतल्या वनमालाताईंनी लिहिलं, "आजवरचा तुमचा सगळ्यात चांगला फोटो." हरिदासने ते पुन्हा वाचलं.

तेवढ्यात सून चेतना धापा टाकत गच्चीवर आली. "बाबा, प्लांट में आग लगी है. इनका फोन बंद आ रहा है."

"कोन्या प्लांटमंदी?"

"इनके ही."

त्याचा मुलगा प्रशिक दुपारपाळीला गेला होता. हरिदासने आभाळाकडे पाहिलं, मग हातातल्या फोटोकडे.

प्रशिकचा ठेकेदार फोन उचलत नव्हता. पोलिसांनी रस्ता अडवला होता. प्रशिकला शोधायला निघालेला शेजारी अर्ध्यातूनच परत आला. हरिदासने ग्रुपवर लिहिलं, "ही प्लांटची आग आहे. माझा मुलगा प्रशिक आत ड्यूटीवर आहे. सिलतऱ्याजवळ कोणी आहे का?"

वाहवा थांबली. मग अच्युत नावाच्या नव्या सभासदाचं उत्तर आलं. "काका, माझं दुकान इथंच आहे. गेटवर जातो."

पण कामावरून सुटलेले लोक आता कुठे फोन उघडत होते, आणि त्यांना आधी फोटो दिसत होता. टिंग. "वाह दादा!" टिंग. टाळ्या. टिंग. "फ्रेम करून घरात लावा." प्रत्येक वेळी चेतना त्याच्या खांद्यावरून वाकून पाही आणि मागे होई.

"बंद करो ना बाबा इसको."

"बंद केलं तं अच्युतचं कसं समजन?"

"फिर फोटो तो हटाओ!"

"थांब ना बाई. आग भट्टीकडं हाय का गोदामाकडं, ते पाहून राहिलो."

प्रशिक भट्टीवर होता. हरिदास दोन बोटांनी फोटो मोठा करी. चिमणीच्या कडा विरघळत आणि नुसते नारिंगी चौकोन उरत. तो फोटो लहान करी, पुन्हा मोठा करी.

"काका, आत सोडत नाहीत. काही लोक बाहेर आलेत. पाहा," अच्युतने लिहिलं आणि खाली फोटो टाकला.

गेटच्या दिव्याखाली गर्दी होती. हेल्मेटं, काळवंडलेले चेहरे, एक बाई पोलिसाचा हात धरून. उजव्या कडेला एक जण पाठमोरा, मानेवर हात ठेवून उभा.

"ये वही हैं," चेतना म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "शर्ट कौन सा पहन के गए थे, बाबा?"

हरिदासला आठवेना. सकाळी पाण्याची टाकी भरली नाही म्हणून तो प्रशिकला बोलला होता, तोंडाकडे न पाहता.

"पोट्टा असाच उभा रायते," तो म्हणाला. मग घाईघाईने लिहू लागला. "अच्युत, उजवीकडचा पाठमोरा कोण आहे? त्याला प्रशिक म्हणून हाक मार."

टिंग. दोघंही फोनवर वाकले.

बातमी न वाचलेल्या कोणीतरी लिहिलं होतं, "ग्रुपवरचा पहिलाच फोटो आणि एवढा छान! टाकत राहा, अच्युत."

त्याखाली अंगठे येऊ लागले. हरिदासचा प्रश्न अच्युतने अजून पाहिलेला नव्हता.