शिडाचीच हवी

“पण ही नक्की कलते ना?” धक्क्यावर उभ्या उभ्या आत्याने कप्तानाला पुन्हा विचारलं.

“कलते. शिडाची बोट म्हणजे वाऱ्याने कलणारच. घाबरू नका आत्याबाई, उलटत नाही. कलली की सगळ्यांनी वर उचललेल्या बाजूच्या बाकावर जाऊन बसायचं. बस्स.”

“सगळ्यांनी? एकाच बाकावर?”

“एकाच.”

आत्याने मान डोलावली आणि त्याला बाजूला घेऊन आणखी काहीबाही विचारलं. मधलीला वाटलं, म्हातारी घाबरली. घाबरणारच. जन्मात कधी होडीत पाय ठेवला नाही आणि या वयात हट्ट काय, तर सगळ्या घराने मिळून तीन दिवस समुद्रावर राहायचं! बोट भाड्याने घ्यायची. कप्तान, खलाशी, आचारी, सगळे बोटीसकट. नुसती इंजिनाची बोट तिला दाखवली, तर तिने नाक मुरडलं. “शिडाचीच हवी,” एवढं एकच पालुपद तिने महिनाभर लावलं होतं.

मधली म्हणजे दोन भावांमधली बहीण. पन्नाशी उलटली तरी घरात तिला तीच हाक होती, आणि गेली सहा वर्षं ती जरा जास्तच लागू पडत होती. वडिलांचं सुतारकामाचं दुकान धाकट्याने विकायला काढलं आणि थोरल्याला ते न्हाव्याकडून कळलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. “त्याला सांग”, “त्यांना विचार”, सगळे निरोप हिच्यातून जायचे. कुठल्याही समारंभात एक या टोकाला, एक त्या टोकाला आणि मध्ये ही, काचेचे दोन पेले आपटू नयेत म्हणून मध्ये घातलेल्या फडक्यासारखी. आत्या म्हणायची, “सूर्य-चंद्र आहेत मेले. एक मावळल्याशिवाय दुसरा उगवत नाही.”

आज मात्र दोघेही आले होते. आत्याने दोघांना कडेवर घेऊन वाढवलेलं. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

पहिला मुक्काम एका बेटावर ठरला होता. दोर सुटले. धक्का मागे पडला, इंजिनाची घरघर थांबली. शीड सरसर वर चढलं, क्षणभर फडफडलं आणि भरपेट जेवल्यासारखं टम्म फुगलं. मुलांनी एकच आरोळी ठोकली. आता नुसता पाणी कापत गेल्याचा आवाज. शाळेच्या सहलीच्या सकाळी वाटायचं तसं मधलीला वाटलं. सगळं घर एका जागी! भले थोरला डाव्या बाकावर पाठ फिरवून बसलेला असो आणि धाकटा उजव्यावर. ती स्वतः सवयीने मध्ये, पायरीवर.

“सगळे डावीकडे!” कप्तान ओरडला.

बोट कलली. उजवा बाक खाली गेला, पाण्याचा फवारा अंगावर आला आणि सगळे हसत-किंचाळत वरच्या बाकावर चढले. धाकट्याने लांबचं टोक गाठलं. मध्ये मधली. जरा स्थिरावतात न स्थिरावतात तोच, “सगळे उजवीकडे!” पुन्हा पळापळ. कुणाचं ढोपर कुणाच्या पोटात, वहिनीची टोपी पाण्यात. खालून आचारी ओरडला, “अहो, माझे सगळे बटाटे एका कोपऱ्यात जमलेत! सभा भरवली की काय?”

मुलं म्हणाली, “अजून एकदा!” आणि बोट खरंच पुन्हा वळली.

या खेपेला आत्याने मधलीचा दंड पकडला. “तू इथे माझ्याजवळ बस. मला धर.” आणि आपली भलीमोठी पिशवी तिने बाकावर दणकन ठेवली. बाकावर आता दोघांपुरती जागा उरली, तीही जेमतेम. थोरला बसला. धाकटा दोराला धरून उभाच राहिला.

“बसून घ्या हो साहेब!” खलाशी म्हणाला, आणि तेवढ्यात लाट आली. बोट उसळली. धाकट्याचा पाय सटकला.

“दादा, धर!”

थोरल्याने विचार केलाच नाही. दंडाला धरून त्याला वर ओढलं आणि शेजारी आदळलं. मागून आलेल्या लाटेने दोघांनाही नखशिखांत भिजवलं. थोरल्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं. धाकट्याला हसू फुटलं.

“दुकानातली फळी आठवते? ओंडक्यावर टाकून सीसॉ करायचो. तू खाली गच्च बसायचास आणि मला वर टांगून ठेवायचास.”

“रडायचास, पण उतरव म्हणायचा नाहीस.” थोरला ओल्या हाताने चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, “विकायच्या आधी मला एकदा सांगायचं होतंस रे.”

“हो दादा. सांगायला हवं होतं.”

मधलीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कुणाचा निरोप कुणाला पोचवायचाच नव्हता. डोळ्यांत खारं पाणी होतं, समुद्राचं की तिचं, तिलाच कळेना. तेवढ्यात कप्तानाची पुन्हा आरोळी आली. ती पुरी व्हायच्या आत दोघे भाऊ एकमेकांना ढकलत, जागा अडवत पलीकडच्या बाकावर पोचलेही होते. आत्या आणि तिची पिशवी मागोमाग.

सुकाणूच्या चाकावरचा कप्तान आत्याच्या कानाशी वाकला. पण वाऱ्यात हळू बोलणं त्याला कुठून जमणार! मधलीने सगळं ऐकलं.

“आत्याबाई, ते बेट मघापासून सरळ समोर आहे. तुम्ही सांगितलंत तसं उगाच डावं-उजवं करतोय. अजून किती वेळा?”

आत्याने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ऐसपैस जागा झाली, तरी दोघांतलं कुणीही सरकलं नाही.

“आता ने सरळ,” ती म्हणाली.