संकष्टीची मात्रा

"यंत्र सवयीवर चालतं. ऑपरेशनच्या सकाळी सासूबाई उपाशी असतील, हे त्याला आधी कळवा," असं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऋजुताला बजावलं होतं. कडेवरच्या बाळाला झुलवत ती हसली, "ते आमच्यापेक्षा शहाणं आहे हो."

कुमुदताईंच्या पोटावर चिकटवलेलं ते इन्सुलिनचं यंत्र शहाणं होतंच. त्या काय खाणार हे ओळखून ते आधीच मात्रा सोडायचं. गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं संकष्टीला आलं. संकष्टीच्या सकाळी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, हे यंत्राला पाठ. उपाशी राहायचंय हे त्याला कळवायचं ऋजुताकडून राहूनच गेलं. त्याने खिचडीपुरतं इन्सुलिन सोडलं आणि पोट तर रिकामं होतं.

रिक्षात कुमुदताई घामाने भिजल्या. "घाबरलात होय, आई?" ऋजुताने थट्टा केली. त्यांची मान तिच्या खांद्यावर कलंडली.

दवाखान्यात शिरेतून साखर गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. ऑपरेशन लांबणीवर पडलं होतं. "तुझ्या नसली, तरी माझी संकष्टी यंत्राच्या लक्षात होती बघ," त्या पुटपुटल्या. ऋजुताला त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

आता ती भेटेल त्याला विनवते, तसं तुम्हालाही विनवते आहे: घरात असं यंत्र लावलेलं कुणी असेल, तर आत्ता उठा आणि ते माणूस आज जेवलंय का, एवढं बघून या.