या खेपेची नायिका

"पान उलटलं नाहीस तू," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

प्रभा दचकली. तिनं घाईघाईनं पान उलटलं तशा हातातल्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या.

रुक्मिणीबाईंचे डोळे मोतीबिंदूनं कधीच गेले होते, कान मात्र तिखट. लेकाची प्रत्येक कादंबरी त्या सुनेच्या तोंडून ऐकत. गंगाधरची पुस्तकं सोलापुरात हातोहात खपत. प्रत्येकात शेवटी नायिका मरे आणि गावभरच्या बायका पदर भिजवत. त्या नादात गंगाधर सदा मुंबईला. तेहतीस सालच्या संक्रांतीला घरी येऊन गेला तो गेलाच. त्याची कीर्ती मोठी झाली खरी, पण आईच्या वाट्याला काय? नुसती पुस्तकं!

"बांगड्या फार सैल भरल्यास गं."

"हात वाळलेत, आई. उन्हाळा सोसत नाही यंदा."

"आणि पाडव्याआधी मागीलदारी काय फुटलं होतं?"

"कंदिलाची काच."

तेवढ्यात पुस्तकवाले खाजाभाई ओसरीवर टेकले. "आई, सायबांच्या पुस्तकाला लई मागणी हाय. होटगी, दुधनी, कुटं कुटं जातंय बघा." त्यांचा आवाज बसला होता.

"दिवाळीला येतोय ना हो माझा गंगाधर?"

खाजाभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वैनीस्नी ठावं."

"येतील की," प्रभा म्हणाली. "हातातली कादंबरी पुरी झाली की येतील."

चहा ठेवते म्हटलं तरी खाजाभाई थांबले नाहीत.

प्रभा पुढं वाचू लागली. ही सगळ्यांत नवी कादंबरी, असं तिनं सासूबाईंना सांगितलं होतं. नायिकेचा ताप उतरला. ती भिंतीला धरून अंगणात आली, तुळशीला पाणी घातलं, आणि एकटीच पायरीवर बसली.

"जगली?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"जगली."

"गंगाधरनं आजवर एकही जगवली नाही. म्हणायचा, मेल्याशिवाय खपत नाही."

"या खेपेला मारवेना, आई." प्रभा म्हणाली. तिला पुढं एक शब्द वाचवेना. सासूबाईंना काही कळू द्यायचं नाही, एवढ्या एकाच हट्टावर ती दिवस काढत होती. तिनं पुस्तक मिटलं.

रुक्मिणीबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला. एकेक करून बांगड्या उतरवल्या. त्या सहज निघाल्या. मग ते रिकामं मनगट त्यांनी आपल्या रिकाम्या मनगटाशी धरलं.

"उद्या पुढं सांग, हातात पुस्तक नको. तुझी ही नायिका मारू नकोस. पण माझ्यासाठी रोज या चढवत जाऊ नकोस, पोरी. पाडव्याआधी फुटली ती कंदिलाची काच नव्हती. माझ्याही फुटल्यात एकदा. तो आवाज मी विसरेन होय?"