खालची खुर्ची

"त्यांना आधी खालून उठवा," पाळणाघरवाली ओरडली. "तोवर एकही पोतं वर जायचं नाही."

पैलवान पायऱ्यांवर थांबला. खांद्यावर वाळूचं पोतं, नाकाच्या शेंड्यावर घाम. खरं नाव काही का असेना, सगळे त्याला पैलवानच म्हणत. अंगच तसं होतं. दारातून आत यायचं तर आधी दाराला विचारावं लागे.

"आई उठायची नाही," तो म्हणाला. "आमची पद्धत आहे. नव्या डेकवर ओझं चढवायचं, तेव्हा एक जण खाली बसतं. पक्कं आहे म्हणून तोंडाने कुणीही सांगेल. खाली बसायला छाती लागते."

"मग तुमची छाती कुठे गेली, मेस्त्री?"

"मेस्त्री नका हो म्हणू," पैलवान ओशाळला आणि पोतं घेऊन वर गेला.

घरामागची जमीन उतरती होती. त्यामुळे लाकडी डेक मागच्या दाराशी उंबऱ्याला टेकला होता, तर त्याची पुढची कड पुरुषभर उंच, खांबांवर उभी होती. त्या कडेखाली, बरोबर मध्यावर, लोखंडी खुर्चीत म्हातारी शेंगा फोडत बसली होती. जणू सगळं जग दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर पडणार होतं.

उद्या सकाळपासून या डेकवर तीस मुलं खेळणार होती. पाळणाघरवालीच्या जुन्या जागेतला डेक एका दुपारी भिंतीपासून सुटला होता. बांधणाऱ्या मेल्याने तो नुसत्या खिळ्यांवर टांगला होता. एका पोरीचा पाय तीन ठिकाणी मोडला. तो आवाज दोन वर्षं झाली तरी कानातून जात नव्हता.

आणि तरी हे काम तिने फोनवरच दिलं होतं. बहिणीच्या बाळंतपणात तीन आठवडे परगावी अडकली होती, करणार काय? फोन उचलायचा पैलवान. कामाचं काही विचारलं की म्हणायचा, "बघून सांगतो." तासाभराने सांगायचाही, अगदी सुतासारखं सरळ. आज ती परतली ती बॅग न उघडताच मागे धावली.

तिने सगळं पाहिलं. भिंतीत आरपार बोल्ट होते. खांब मातीला न टेकवता काँक्रीटवर लोखंडी बुटांत बसवले होते. कठड्याच्या पट्ट्यांत मुलाचं डोकं सोडा, तिची मूठ शिरेना. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यानेच तिचा जीव जास्त वरखाली होत होता.

साठ पोती होती. एक पोतं एका मुलाच्या वजनाचं, म्हणजे मुलांच्या दुप्पट भार.

"कडेला टाक, कडेला!" म्हातारी खालून ओरडली. "मधे रचून कुणाला फसवतोस? पोरं कठड्यालाच चिकटतात."

"हो आई."

"आणि आपटू नकोस. धान्य उतरवतोयस का?"

"नाही आई."

तोंडात साखर आणि आईला ठेवलंय खाली, पाळणाघरवालीच्या मनात आलं. ती कठड्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. चाळिसावं पोतं पडलं आणि लाकूड करकरलं.

"थांबा!" ती पायऱ्या उतरून धावली.

म्हातारीने जवळच्या खांबाला कान लावला होता. "काही नाही, बसतंय ते. नवी सून पहिले चार दिवस कुरकुरतेच. गप्प राहिली तर काळजी करायची."

पण पाळणाघरवालीला आता राहवेना. तिने वर जाऊन पैलवानाच्या हातातलं पोतं ओढलं. "उरलेली वीस मी टाकते. तुम्ही आईच्या जागी जाऊन बसा."

पैलवानाने मान खाली घातली. "नको. ते बरोबर दिसणार नाही."

"आणि हे बरोबर दिसतंय?"

रिकाम्या हातांचं काय करावं ते पैलवानाला समजेना.

"कळलं," ती म्हणाली. तिने फोन काढला आणि पालकांना निरोप लिहू लागली. "ज्याला स्वतःच्या कामाखाली दोन मिनिटं बसवत नाही, त्याच्या कामावर मी लोकांची लेकरं सोडणार नाही. उद्या मुलं येणार नाहीत. परवाही नाहीत. हे सगळं उतरवा."

निरोप अर्धाच ठेवून ती पुन्हा खाली गेली आणि म्हातारीचा दंड धरला.

"उठा, आजी. असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा. आईला खाली बसवून स्वतः वर मिरवतो!"

"त्याला कशाला बोलता?" म्हातारीने मांडीवरची टरफलं झटकली, पण जागची हलली नाही. "हातोडी दिली तर खिळा सोडून बोटच ठेचतो, म्हणून त्याच्याकडे पोती आणि फोन. खाली बसायचं ते बांधणाऱ्याने. डेक मी बांधलाय, बाई."