अक्काचा पत्ता

ज्या सकाळी डॉक्टरांनी माझी बायको विनुता गेल्याचं सांगितलं, त्याच सकाळी तिच्या पर्समध्ये तमिळ अक्षरांतली एक चिठ्ठी सापडली. आदल्या दिवशी ती एवढंच बोलली होती, "अक्काचा फोन लागत नाही. माझं काही झालं तर तुम्ही स्वतः जाऊन सांगा."

विनुताचं माहेर तंजावूरचं, शाळा तमिळ. मला ती अक्षरं येत नाहीत. चिठ्ठीत पत्ता असणार असं धरून मी पहिल्यांदाच तंजावूरला आलो. अक्का तिची थोरली बहीण; आजवर दर वर्षी त्याच साताऱ्याला आमच्याकडे येत.

स्टेशनपासून राजवाड्यापर्यंत पाच रिक्षावाल्यांना मी चिठ्ठी दाखवली. पाचही जणांनी नकारार्थी मान हलवली. एक जण हसून मोडक्या हिंदीत म्हणाला, "मंत्र है क्या, सार? मंदिर में पूछो."

सहावा म्हातारा होता. त्याने चिठ्ठी दोनदा पाहिली. "अक्षर तमिळ है, सार. भाषा तमिळ नहीं."

"जो है वो पढ़ो, अण्णा," मी म्हणालो.

त्याने चष्मा लावला आणि अक्षराला अक्षर जोडत मोठ्याने वाचलं. त्याला एकही शब्द कळला नाही. मला सगळे कळले. ती मराठी होती, विनुता घरात बोलायची तीच.



"अक्काचा पत्ता ह्यांना मराठी अक्षरांत लिहून द्यायचा राहिला आहे."