बर्फात उभा माणूस

उजव्या गालाला फेस लावून झाला तेव्हा पोस्टमनने सलूनवाल्याचं मनगट धरलं.

"आज शेवट सांगायचा."

"शेवट पुढच्या दाढीला," सलूनवाला म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

नियम गावभर ठाऊक होता. सलूनवाला लायब्ररीतून जुन्या जाडजूड अमेरिकन कादंबऱ्या आणायचा, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला त्या रंगवून सांगायचा, आणि वस्तरा पुसला की गोष्ट असेल तिथे थांबवायचा. एका सोन्याच्या खाणीच्या गोष्टीपायी शाळेच्या हेडमास्तरांनी आठवड्यात तीनदा केस कापून घेतले. चौथ्यांदा कापायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरून मेहुण्याला धरून आणून खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. एका वकिलाने तर छातीपर्यंत वाढवलेली दाढी पहिल्या प्रकरणातच उतरवली. खोटं वाटत असेल तर त्याची हनुवटी बघून या, अजून उन्हाला बुजते.

पण आज खुर्ची नव्हती, हॉस्पिटलातली चौदा नंबरची कॉट होती. उद्या सकाळी पोस्टमनची छाती उघडून हृदय दुरुस्त करायचं होतं. हॉस्पिटलचा माणूस छातीवरचे केस काढून गेला होता. तोंडाला मात्र पोस्टमनने त्याला हात लावू दिला नव्हता.

"तीन आठवडे झाले," पोस्टमन म्हणाला, "तो बिचारा दारात उभा आहे. बर्फात. ठोठावायला हात वर केलेला. तुला काही दयामाया?"

"कोण बिचारा?" खिडकीशी मोसंबं सोलत बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने विचारलं.

"गोष्टीतला, ताई. कफल्लक होता. मित्र वाटेत तापाने मेला, तर ह्याने त्याचं नाव लावलं आणि पश्चिमेला गेला. लाकडाची गिरणी काढली, गब्बर झाला. आता त्याच मित्राच्या म्हाताऱ्या आईला खरं सांगायला आलाय. बारा वर्षांनी."

"नाव बदलून गब्बर होता येतं होय? आधी नाही का सांगायचं? तुझं नाव मीच ठेवलं होतं."

"तिकडच्या पुस्तकांत असंच असतं, ताई," सलूनवाला वस्तरा चालवत म्हणाला. "माणूस उठतो आणि नव्याने सुरुवात करायला निघतो. आणि जुनं आपलं त्याच्या मागेमागे चालत येतं."

"तू शाळा घेऊ नकोस," पोस्टमन म्हणाला. "दार ठोठाव."

सलूनवाल्याने दार ठोठावलं. म्हणजे गोष्टीतल्या माणसाने ठोठावलं. भुवयांवर बर्फ, खिशात मित्राचं घड्याळ, आत दिवा दिसत नाही. वस्तरा गालावरून गळ्याकडे उतरला.

"किती वेळा ठोठावलं?"

"एकदा."

"तिथेच चुकला! पस्तीस वर्षं दारं ठोठावलीत मी. एकदा ठोठावलं की आतल्याला वाटतं वारा आहे. दोनदा ठोठावायचं, थांबायचं, मग एकदा. बहिरं माणूससुद्धा उठून येतं."

"बरं बाबा. त्याने दोनदा ठोठावलं. थांबला. मग एकदा. आणि आत..."

सलूनवाल्याने वस्तरा पुसला.

"आत काय?"

वस्तरा डब्यात गेला. त्यामागून ब्रश, वाटी आणि तुरटीचा खडा. पोस्टमन उशीवरून उठायला लागला, पण छातीने त्याला उठू दिलं नाही. तो पुन्हा टेकला तेव्हा त्याच्या आवाजातली मस्करी गेली होती.

"आणि मी परत आलोच नाही तर?"

बहिणीचे हात मोसंब्यावर थांबले.

"तर तो तिथेच गोठून मरेल," सलूनवाला म्हणाला. "तुमच्या जिवावर उभा आहे तो, पोस्टमनदादा. आता तुम्ही बघा बुवा."

त्याने आरसा समोर धरला. गाल गुळगुळीत झाले होते. उजवी मिशी रेघेसारखी कातरली होती आणि डावी झुडपासारखी तशीच होती.

"अरे! ही?"

"ती पुढच्या वेळी."

पोस्टमन असा हसला की नर्स धावत आली, आणि मिशी बघून तीही तोंड फिरवून उभी राहिली.

बहीण सलूनवाल्यामागोमाग बाहेर आली. जिन्याशी तिने त्याला गाठलं.

"मला सांगून ठेवा. उद्या तो शुद्धीवर नाही आला, तर निदान कानात तरी सांगेन."

सलूनवाल्याने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"दार उघडत नाही, ताई. म्हातारी आदल्याच महिन्यात गेलेली असते. तो थोडा वेळ उभा राहतो आणि तसाच उलटा फिरतो. संपलं पुस्तक."

"आणि हे तुम्ही त्याला पुढच्या दाढीला सांगणार होतात?"

"छे हो. तीन आठवडे दुसरा शेवट शोधतोय. उभ्या गावाला थापा मारल्या मी, पण ही एक थाप काही केल्या जुळत नाही."

ती मोसंब्याचा चिकट हात रुमालाला पुसत आत गेली.

सलूनवाला चार पायऱ्या उतरला असेल नसेल. वॉर्डातून कॉटच्या लोखंडी दांडीवर ठोठावल्याचा आवाज आला. दोनदा. मग जरा थांबून एकदा.

"आले, आले!" बहिणीचा आवाज आला. "एवढ्या थंडीत कोण आहे?"